ओळीनंतरचा हूं

मुलाखतीत कंधारकर सरांनी मुग्धाला धड असा एकच प्रश्न विचारला होता. "ऐकू कसं येतं तुला?"

मुग्धा नांदेडहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. 'बारकाईने वाचणारी व्यक्ती पाहिजे' अशी दोन ओळींची जाहिरात पाहून ती लातूरला आली होती, आणि येण्याआधी दोन आठवडे कंपनी कायदा डोळे फुटेस्तोवर वाचला होता. त्यातलं काहीच कुणी विचारलं नाही.

"चांगलं येतं, सर."

"मग सोमवारपासून ये."

रेणुकादास कंधारकरांचं ऑफिस गंजगोलाईजवळ, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर होतं. खाली कुणी डबा विकत घेतला की झाकण लागल्याचा आवाज वर यायचा. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, चार लोखंडी कपाटं आणि समोरासमोर ठेवलेल्या दोन लाकडी खुर्च्या. मधल्या तिवईवर पितळी पट्टी आणि टोक काढलेली पेन्सिल.

काम सांगायला सोपं होतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला आपल्या घरात घडणारी प्रत्येक मोठी गोष्ट बाजाराला कळवावी लागते. संचालक आला, संचालक गेला, कारखाना बंद पडला, सभा झाली, सभेत काय ठरलं. सगळं ठरलेल्या नमुन्यात आणि ठरलेल्या मुदतीत. एकदा पाठवलं की ते जगाला दिसतं आणि मागं घेता येत नाही. लातूरसारख्या गावात अशा कंपन्या मोजक्याच. त्यातल्या तिघींचे कागद सर तयार करत. सगळ्यांत जुनी मन्मथ प्रोटीन्स, सोयाबीनचं तेल काढणारी. तिचे शेअर गावातल्या निम्म्या मास्तरांनी आणि आडत्यांनी चौऱ्याण्णव साली रांगेत उभं राहून घेतले होते.

पण सरांच्या ऑफिसात कागद तयार झाला म्हणजे तो झाला असं नव्हतं. तो वाचावा लागे.

"एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं," सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं. "वाचणाऱ्याच्या हातात तयार केलेला कागद. ऐकणाऱ्याच्या हातात मूळ. वाचणाऱ्यानं स्वल्पविरामसुद्धा गिळायचा नाही. ओळ संपली की थांबायचं. ऐकणाऱ्यानं मुळाशी ताडून पाहायचं आणि हूं म्हणायचं. हूं आला तरच पुढची ओळ."

"आणि नाही आला तर?"

"तर ओळ चुकली." सर हसले. "आमची ही तीस वर्षं त्या खुर्चीत बसली. मी वाचायचो, ती हूं म्हणायची. चुकलं असेल तर नुसती गप्प. काय चुकलं तेसुद्धा सांगायची नाही, बरं का. तूच शोध म्हणायची."

चंद्रप्रभाबाई जाऊन वर्ष झालं होतं. कपाटातल्या फायली उघडल्या की त्या भेटायच्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन्सिलीची बारीक, उजवीकडं झुकलेली खूण. टाइपरायटरच्या जमान्यातले कागद, कार्बनच्या निळ्या प्रती, फॅक्सचे गुळगुळीत कागद. फॅक्सवरची अक्षरं उडून गेली होती. कागद कोरे झाले होते आणि कोऱ्या कागदावर ओळीओळीनं खुणा मात्र तशाच होत्या.

सर जुन्या गोष्टी सांगायला लागले की मुग्धाचं काम थांबायचं. चौकातल्या एसटीडी बूथमधून मुंबईला फॅक्स लावायचा, लाइन मिळेपर्यंत दोन कप चहा व्हायचा आणि बूथवाला विचारायचा, काय सर, कंपनी बुडाली की काय? वार्षिक सभेला मांडव पडायचा. लोक सभेपेक्षा चुरमुऱ्यांचा सुशीला खायला यायचे आणि चंद्रप्रभाबाई दारात बसून एकेकाचं नाव लिहून घ्यायच्या. "हिला चार हजार भागधारकांपैकी निम्मे तोंडपाठ. पत्ता बदलला की विचारायची, का हो, घर सोडलं का?"

खिडकीकडं पाहत ते हे सांगत. त्यांना कमी ऐकू यायचं. श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये पडलेलं. "त्यातून सगळं जग एकाच आवाजात बोलतं," म्हणायचे. त्यामुळं मुग्धा वाचायला बसली की ते समोरच्या खुर्चीत कधीच बसत नसत. ती खुर्ची रिकामी राही. मूळ कागद तिच्यापुढं तिवईवर ठेवलेला. सर खिडकीशी डोळे मिटून बसत. वाचून झालं की एवढंच विचारत, "कशी होती आज?"

"बरोबर होतं, सर," मुग्धा मोठ्यानं सांगायची. ऐकायला कुणी नसताना मोठ्यानं वाचण्यात काय अर्थ, हा प्रश्न तिनं विचारला नाही. म्हातारपणी माणसाला अशा सवयी असतात. आणि खरं सांगायचं तर थांबत थांबत वाचलं की स्वतःच्याच चुका सापडत.

शिवाय हूं तिला नवा नव्हता. नायगावला वडील शाळेत शिकवायचे, तेव्हाची गोष्ट. वीज गेली की ओसरीवर गोष्ट सुरू व्हायची. "हूं म्हणत जा," बाबा म्हणायचे, "नाहीतर गोष्ट सांगणारा उठून जातो." ती हूं म्हणायची. हूं बंद पडला की बाबांना कळायचं, पोरगी झोपली. आणि गोष्ट फारच रंगली की तिच्या तोंडून हूं जाऊन दुसराच शब्द निघायचा. "मग?"

पहिला हूं तिनं ऑगस्टमध्ये ऐकला.

दुपारचे तीन वाजले होते. एका कंपनीच्या सभेचा वृत्तांत ती वाचत होती. ओळ संपली, ती थांबली आणि समोरून हूं आला. हलका, नाकातून, मिटल्या ओठांचा. तिनं पुढची ओळ वाचली. मग मान वर केली.

खुर्ची रिकामी. सर खिडकीशी. खाली कुणीतरी डबा बंद केला.

मुग्धानं पंखा बंद केला. इन्व्हर्टर बंद केला. पुन्हा वाचलं. हूं आला. मोबाइलवर आवाजाची वारंवारिता दाखवणारं ॲप होतं, ते लावलं. पडद्यावर तिच्या आवाजाचे डोंगर उठले आणि ती थांबली की सपाट रेघ. कानात मात्र हूं. म्हणजे बाहेर काही नाही, जे आहे ते माझ्या डोक्यात आहे, असं तिनं ठरवलं. मेंदूला ताल लागला की तो रिकामी मात्रा स्वतः भरतो. हे तिनं वाचलेलं होतं. तिला बरं वाटलं.

पडताळा म्हणून तिनं एकदा कारखान्याचा प्लॉट नंबर मुद्दाम चुकीचा वाचला. हूं आला नाही. बरोबर वाचला. आला.

साहजिकच आहे, तिनं वहीत लिहिलं. चूक मला माहीत होती, म्हणून मेंदूनं हूं दिला नाही. खरी परीक्षा वेगळी. मला माहीत नसलेली चूक जर त्या हूंला कळली, तर.

ते वाक्य तिनं अर्धंच सोडलं.

हळूहळू तिला त्याची सवय झाली. सवय कसली, ओढच लागली. खोलीवर एकटीनं वर्तमानपत्र वाचतानासुद्धा ती ओळीच्या शेवटी थांबायला लागली. तिथं काहीच यायचं नाही आणि चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

नोव्हेंबरात बाजारात नवं सोयाबीन आलं. मन्मथचा कारखाना दिवसरात्र चालू होता. ऑफिसात झाडलोट आणि चहा करणाऱ्या मल्लम्माचा नवरा शिवलिंग तिथंच कामाला होता, तेल वेगळं करायच्या टॉवरवर.

"बाई, आमच्या घरच्यांची डबल पाळी लावलीया," कप ठेवत मल्लम्मा म्हणाली. "आणि त्या टावरची तब्येत बरी न्हाई म्हणतेत. खोकल्यावानी आवाज करतंय म्हणं."

"टॉवरची तब्येत?" मुग्धा हसली.

"हसू नका अव्वा. मशीनला बी तब्येत ऱ्हाती. माणसाला सुट्टी तरी भेटती."

दुसऱ्याच दिवशी मन्मथच्या रविकिरणचा ईमेल आला. कंपनीचे बाजाराला जाणारे सगळे कागद त्याच्या सहीनं जात. तिशीतला, कामसू आणि कायम घाईत असलेला पोरगा. स्वतंत्र संचालक वीरण्णा उदगीरकरांनी राजीनामा दिला होता. त्यांचं मराठी पत्र, पत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि रविकिरणनं टाइप केलेला इंग्रजी मजकूर. सात दिवसांच्या मुदतीतले पाच आधीच गेले होते. मुग्धानं कागद नमुन्यात बसवला. फोटो अंधूक होता, वर घडीची काळी रेघ. 'तब्येत ठीक नाही, सबब राजीनामा देत आहे' एवढं लागत होतं. माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा. शंका घ्यायला जागाच नव्हती.

सर डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले होते. तीनच्या ठोक्याला मुग्धा खुर्चीत बसली. मल्लम्मानं चहा आणून ठेवला. आज एक गोष्ट तिनं नवी केली. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून तो तिवईवर पालथा ठेवला. ॲपमध्ये दिसत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये काय येतं ते एकदा पाहावं.

तिनं कंपनीचं नाव वाचलं.

हूं.

संचालकाचं नाव, क्रमांक, नेमणुकीची तारीख.

हूं. हूं. हूं.

"राजीनाम्याचं कारण. ऑन अकाउंट ऑफ हेल्थ."

ती थांबली.

खाली डबा वाजला नाही. रस्त्यावरचा हॉर्नही नाही.

तिनं ओळ पुन्हा वाचली. सावकाश, एकेक शब्द सुटा.

काही नाही.

मागची ओळ वाचली. हूं. ही ओळ वाचली. काही नाही. पुढची वाचली, याशिवाय दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही, जी नमुन्यात नेहमीच असते. काही नाही.

ही चूक तिला माहीत नव्हती. ही चूक आहे हेच तिला माहीत नव्हतं.

समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ऊन पडलं होतं. तिवईवर मूळ म्हणून तिनं ठेवला होता तो फोटोचा प्रिंट. मूळ नव्हतंच ते.

तिनं मोबाइल उचलला, रेकॉर्डिंग थांबवलं आणि रविकिरणला फोन लावला. "सर, वीरण्णा सरांचं पत्र प्रत्यक्ष पाहिजे. फोटो नको. आत्ता पाठवता का?"

"मॅडम, चार वाजायला आले की. उद्या देतो."

"सव्वातीनसुद्धा नाही झाले."

"घड्याळ बघा मॅडम."

तिनं पाहिलं. पावणेचार वाजून गेले होते. चहावर जाड साय धरली होती.

सर आले तेव्हा ती तशीच बसली होती. डोळ्यांत औषध घातल्यानं त्यांना नीट दिसत नव्हतं. खिडकीशी चाचपडत बसून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कशी होती आज?"

"सर, एक ओळ..." तिनं आवाज चढवला. "एका ओळीला हूं आला नाही."

हे आपण काय बोललो, असं तिला वाटलं. पण सर दचकले नाहीत. ते पुढं झुकले.

"कुठं थांबली ती?"

गेले चार महिने 'कशी होती' म्हणजे फाइलबद्दल विचारतात असं मुग्धानं धरलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं, सर?"

"माहीत कुठलं? वाटायचं." त्यांनी ओला डोळा रुमालानं टिपला. "ती गेल्यावर मी एकटा वाचायला बसायचो. थांबायचो. मला काही यायचं नाही. मग म्हटलं, कान गेलेत आपले. ती म्हणतही असेल, आपल्याला काय कळणार? म्हणून तर तुला विचारलं, ऐकू कसं येतं." मग त्यांनी हळूच विचारलं, "आवाज बसलेला आहे का गं? शेवटी शेवटी बसला होता."

"नाही सर," मुग्धा म्हणाली. "चांगला आहे."

रविकिरण सकाळी पत्र घेऊन आला. निळ्या शाईचं, तीन घड्या घातलेलं. मुग्धानं वरची घडी अंगठ्यानं सपाट केली. काळ्या रेघेच्या आत एक शब्द होता. टावरची.

'टावरची तब्येत ठीक नाही, सबब राजीनामा देत आहे.'

तिनं उदगीरला फोन लावला आणि स्पीकर मोठा केला.

"वीरण्णा सर, तुमच्या तब्येतीबद्दल..."

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" पलीकडून गडगडाट झाला. "रोज सकाळी चार किलोमीटर चालतो मी! पन्नास वर्षं मिलमध्ये काढली, लेकी. टावरच्या अंगाला हात लावला की कळतं मला. पत्रा पातळ झालाय. त्याच्यात हेक्झेन फिरतंय, पेट्रोलाचा भाऊ. तीन बैठकांत बोंबललो, बंद करा, तपासा. म्हणे सीझन आहे. मग मी राजीनामा दिला. लिहिलंय की तसं!"

रविकिरणचा चेहरा उतरला. "मी खरंच तब्येत म्हणजे... शपथ, सर. पण आता हे असं गेलं तर चेअरमनसाहेब मला उभा जाळतील. सीझन चालू आहे. प्रकृती म्हणूनच जाऊ द्या ना. खोटं कुठंय? तब्येत हा शब्द आहेच त्यात."

दारात मल्लम्मा ट्रे घेऊन उभी होती. "घरचे आत्ता पाळीवर हायत," ती म्हणाली. एवढंच.

सरांनी बरंचसं ऐकलं नव्हतं, पण पत्रावरचं मुग्धाचं बोट त्यांनी पाहिलं होतं. "रविकिरण, आपण काहीच म्हणायचं नाही. मूळ जोडायचं आणि मुळात आहे ते खाली इंग्रजीत लिहायचं. तुला जाळायला आले तर सांग, कंधारकरांनी वाचून घेतलं. आमच्या ऑफिसात हूं आल्याशिवाय कागद जात नाही, हे तुझ्या चेअरमनच्या वडलांनाही माहीत होतं."

मुग्धानं नवी ओळ टाइप केली. सरांनी रविकिरणला बसायला सांगितलं, पण समोरच्या खुर्चीत नाही. वाचन झालं. कारणाच्या ओळीनंतर ती थांबली. सर तिच्या तोंडाकडं पाहत होते.

तिनं मान हलवली. आला.

रविकिरणनं सही केली. अकरा वाजता कागद शेअर बाजाराकडं गेला. साडेअकराला कंपनीचे फोन वाजायला लागले, दुसऱ्या दिवशी तपासणीवाले आले आणि टॉवर बंद झाला. खालच्या अंगाला एका जोडाजवळ पत्रा इतका झिजला होता म्हणे, की तपासणाऱ्यानं नखानं टिचकी मारायचंही टाळलं. शिवलिंग आठ दिवस घरी मनसोक्त झोपला. मल्लम्मानं सगळ्यांना धपाटे आणले. चार धपाटे तिनं समोरच्या खुर्चीवर, फडक्यात गुंडाळून ठेवले. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

डिसेंबरात मुग्धा सुट्टी काढून नांदेडला निघाली. दुपारची एसटी, खिडकीची जागा. अहमदपूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना हरभरा आणि मधूनच तुरीची पिवळी रांग. असल्याच दुपारी बाबांबरोबर नायगावहून येताना ती त्यांच्या खांद्यावर झोपायची, हे तिला आठवलं. आणि मग ते रेकॉर्डिंग आठवलं. त्या गडबडीत ते ऐकायचं राहूनच गेलं होतं.

तिनं इअरफोन लावले. फाइल सत्तेचाळीस मिनिटांची होती.

वाचायला अकरा-बारा मिनिटं लागली असतील. तिनं पुन्हा पाहिलं. सत्तेचाळीस.

पंख्याची घरघर. खाली झाकण लागल्याचा आवाज. मल्लम्माची कपबशी. मग शांतता.

ती तिच्या आवाजाची वाट पाहत राहिली. कंपनीचं नाव, संचालकाचं नाव. काही नाही. एक ओळ वाचायला लागेल एवढी शांतता.

मग हूं.

हलका, नाकातून. मुग्धानं इअरफोन कानात दाबले. आवाज तिचा स्वतःचा होता.

पुन्हा एका ओळीची शांतता. पुन्हा तिचा हूं. ती वाचत नव्हतीच. ती ऐकत होती.

कारणाच्या ओळीशी हूं थांबले. तीन ओळींचा वेळ गेला. इथं तिनं मोबाइल उचलला होता, तिला पक्कं आठवत होतं. पण फाइल पुढं चालूच होती.

एक लांब शांतता. हूं. त्याहून लांब. हूं. आता त्या ओळी कागदातल्या ओळींएवढ्या राहिल्या नव्हत्या. त्या कशाही लांब होत होत्या, कुणी निवांत काही सांगत बसल्यासारख्या. मधेच तिच्या आवाजात हसू ऐकू आलं. तिला ते आठवत नव्हतं.

लोह्याचं स्टँड आलं. माणसं उतरली, माणसं चढली. तिनं इअरफोन काढले नाहीत.

सेहेचाळीसाव्या मिनिटाला पंखासुद्धा ऐकू येईनासा झाला. शांतता इतकी लांबली की फाइल संपली असं तिला वाटलं.

मग अगदी जवळून, ओसरीवरच्या अंधारात यायचा तसा, तिचाच आवाज आला.

"मग?"